मुथम्मांचा खटला लग्नासाठी नव्हता

सोलापूरच्या एका मुलीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नागरी सेवेची मुख्य परीक्षा दिली आहे. पसंतिक्रमात परराष्ट्र सेवा सगळ्यात वर ठेवायची इच्छा आहे. आई म्हणते, "जन्मभर देशोदेशी हिंडायचं तर घर कधी मांडायचं?" क्लासमधले सर सांगतात की या सेवेतल्या पहिल्या बाई मुथम्मा यांनी सुप्रीम कोर्टात खटला जिंकला, तेव्हापासून बायकांना लग्न करून या सेवेत राहता येतं, त्यामुळे आता अडचण काही उरलेली नाही. यातलं खरं काय, आणि बाईची नोकरी प्रत्यक्षात कशी जाते?

तुझ्या सरांचं अर्धं बरोबर आहे. तुझ्या आईचंही अर्धंच, पण तिचं अर्धं जास्त कामाचं आहे. मी १९८५ मध्ये या सेवेत आले आणि चौतीस वर्षांनी बाहेर पडले. मी आले तेव्हा मुथम्मांना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. त्यांची नि माझी भेट कधी झाली नाही. पण आमच्या वेळच्या प्रत्येक मुलीला त्यांची गोष्ट कुणी ना कुणी सांगायचंच, आणि बहुतेक वेळा चुकीची सांगायचं. म्हणून आधी ती नीट सांगते.

चोनिरा बेलियप्पा मुथम्मा. कोडगूतल्या विराजपेटच्या, जन्म १९२४ चा. वडील वनखात्यात होते, ते लवकर गेले आणि आईनं मुलांना वाढवलं. शिक्षण मडिकेरी आणि मग मद्रास. १९४८ च्या परीक्षेतून निवड होऊन १९४९ मध्ये त्या परराष्ट्र सेवेत रुजू झाल्या, या सेवेतली पहिली बाई. सेवाच तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती. मुलाखतीत मंडळानं त्यांना परराष्ट्र सेवा घेऊ नका म्हणून परावृत्त करायचा प्रयत्न केला होता, हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं आहे. रुजू होताना त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं की लग्न केलं तर राजीनामा देईन.

इथे एक गंमत बघ. १९४७ मध्ये याच सरकारनं मॉस्कोला पहिला राजदूत म्हणून कुणाला पाठवलं? विजयालक्ष्मी पंडितांना. १९४९ मध्ये त्याच वॉशिंग्टनला गेल्या, १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या अध्यक्ष झाल्या, पुढे लंडनला उच्चायुक्त. आपल्याकडे त्यांची आठवण राज्यपाल म्हणून आहे, १९६२ ते १९६४. शिवाय रणजित पंडितांमुळे त्या मराठी घरात आलेल्या. मॉस्कोला गेल्या तेव्हा त्या विधवा होत्या, तीन मुलींची आई होत्या. म्हणजे बाईला राजदूत करायला दिल्लीची हरकत नव्हती. वरून नेमलेली बाई चालत होती, मग ती आई असो, विधवा असो. परीक्षा देऊन खालून वर येणारी बाई मात्र हमीपत्राशिवाय आत घेत नव्हते. हा भेद लक्षात ठेव.

१९६१ मध्ये हे सगळं रीतसर नियमात बसवलं गेलं. दोन नियम होते. सेवाभरतीच्या नियमांतला १८(४) म्हणत होता की विवाहित स्त्रीला या सेवेत नेमणुकीचा हक्क म्हणून दावा करता येणार नाही. वर्तणुकीच्या नियमांतला ८(२) म्हणत होता की सेवेतल्या स्त्रीनं लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, आणि लग्नानंतर तिच्या घरच्या नि कौटुंबिक जबाबदाऱ्या कामाच्या आड येण्याचा संभव आहे असं सरकारला वाटलं, तर तिला केव्हाही राजीनामा द्यायला सांगता येईल. 'आड आल्या' असं नव्हे बरं का, 'आड येण्याचा संभव आहे'. पुरुषाला असं काही लागू नव्हतं. जगात आपण एकटे असे होतो असंही नाही. ब्रिटनच्या परराष्ट्र सेवेतली लग्नबंदी १९७३ मध्ये उठली, अमेरिकेतली त्याच्याच आगेमागे.

आता खटला. मुथम्मांनी लग्न केलंच नव्हतं. त्या कोर्टात गेल्या तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या, तीस वर्षांच्या नोकरीकडे आल्या होत्या, १९७० मध्ये हंगेरीला राजदूत म्हणून जाऊन आल्या होत्या, मग घाना. त्यांची तक्रार बढतीची होती. सेवेच्या सर्वांत वरच्या श्रेणीत घेताना त्यांना वगळलं आणि त्यांच्या मागून आलेल्यांना पुढे नेलं. लग्नाचे नियम त्यांनी पुरावा म्हणून मांडले: बघा, ज्या सेवेच्या नियमपुस्तकातच बाईबद्दल हे लिहिलंय, तिथे माझं मूल्यमापन निःपक्षपाती होईल यावर मी विश्वास का ठेवावा?

निकाल १७ सप्टेंबर १९७९ चा, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलेला. आणि निकाल काय लागला? याचिका फेटाळली गेली. क्लासमध्ये हे कुणी सांगत नाही. सुनावणी होईपर्यंत सरकारनं शहाणपणा केला होता. काही महिन्यांपूर्वी ज्या बाई पुरेशा गुणवान ठरल्या नव्हत्या, त्या अचानक गुणवान ठरल्या. त्यांना बढती मिळाली आणि हेगला राजदूत म्हणून नेमणूकही झाली. नियम १८(४) तर १९७३ मध्येच काढून टाकलाय असं सॉलिसिटर जनरलांनी सांगितलं, ८(२) सुद्धा काढण्याच्या वाटेवर आहे असंही सांगितलं. मग कोर्टापुढे उरलं काय? मधल्या काही महिन्यांत जे कनिष्ठ पुढे गेले त्यांच्या तुलनेतली ज्येष्ठता. तिचा फेरविचार करा असा आदेश झाला, सगळे नियम तपासून त्यातला भेदभाव काढा असं बजावलं गेलं, आणि न्यायमूर्तींनी शेवटी अशा अर्थाचं लिहिलं की आम्ही याचिका फेटाळतो आहोत, प्रश्न फेटाळत नाही. नियम ८(२) बद्दल त्यांनी विचारलं की घरच्या जबाबदाऱ्या कामाच्या आड येणं पुरुषाच्या बाबतीतही घडू शकतं, मग एकट्या बाईविरुद्ध हा उघडानागडा पूर्वग्रह कशासाठी? मात्र त्याच निकालात त्यांनी हेही जोडलं की सगळ्या व्यवसायांत, सगळ्या परिस्थितीत स्त्री-पुरुष सारखेच, असं सरसकट आम्ही म्हणत नाही. निकाल उद्धृत करणारे हे वाक्य सोईस्करपणे गाळतात. तू मुलाखतीला जाशील तेव्हा दोन्ही वाक्यं डोक्यात असू देत.

म्हणजे मुथम्मा लग्नाच्या हक्कासाठी भांडल्या नाहीत. माझं काम कोण जोखतं आणि काय मनात धरून जोखतं, हा त्यांचा सवाल होता. तुझ्या सरांची गोष्ट धरली तर प्रश्न १९७९ ला सुटला. मुथम्मांची खरी गोष्ट धरली तर तो अजून चालू आहे. त्याचा माझा अनुभव सांगते.

पूर्वी आमचे वार्षिक अहवाल खरोखरच गोपनीय असत. वाईट शेरा असेल तेवढा कळवायचे, बाकी तुमच्याबद्दल वरिष्ठांनी काय लिहिलंय हे तुम्हाला निवृत्तीपर्यंत कळत नसे. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, आणि त्यानंतर सरकारनं अख्खा अहवाल दाखवायला सुरुवात केली. पंधरा दिवसांत म्हणणं मांडता येतं. तर त्या नव्या पद्धतीत मी माझा अहवाल प्रथमच वाचला. गुण उत्तम होते. शेरा होता: कौटुंबिक जबाबदाऱ्या असूनही अधिकाऱ्याचं काम उल्लेखनीय आहे.

'असूनही'. माझा मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, पुण्यात होस्टेलवर राहत होता आणि मेसचं जेवण जेवत होता. माझ्या घरी मी आणि एक तुळस. कसल्या जबाबदाऱ्या? त्याच वर्षी माझ्या शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याची बायको कित्येक महिने दवाखान्यात होती, तो रोज संध्याकाळी धावत सुटायचा. त्याच्या अहवालात तसलं अक्षर नव्हतं, त्यानंच मला दाखवला. लिहिणारे गृहस्थ, सांगते, दुष्ट नव्हते. त्यांना ते कौतुक वाटलं होतं. मी चौदाव्या दिवशी दोन ओळींचं म्हणणं पाठवलं, तो शब्दप्रयोग वगळला गेला. गुण तेवढेच राहिले. पण विचार कर, १९८५ पासून किती 'असूनही' लिहिले गेले असतील आणि मला त्यांचा पत्ताच नव्हता. नियम ८(२) मधलं वाक्य राजपत्रातून गेलं आणि कौतुकाच्या वेषात अहवालात येऊन बसलं. म्हणून माझा पहिला सल्ला कोरडा आहे: दरवर्षी आपला अहवाल शब्दन्शब्द वाच, आणि पंधरा दिवस ही मुदत कॅलेंडरवर लिहून ठेव. चांगले गुण बघून बायका फाइल मिटतात. मिटू नये.

आता आईच्या प्रश्नाकडे. घर.

नोकरीचा सांगाडा आधी. मसुरीचं पायाभूत प्रशिक्षण, मग दिल्लीत परराष्ट्र सेवा संस्थेत, जिला आता सुषमा स्वराज यांचं नाव आहे. मंत्रालयात थोडे महिने, आणि मग तुला एक भाषा मिळते. ती शिकायला बाहेर पाठवतात, तृतीय सचिव म्हणून. भाषेची परीक्षा उतरल्याशिवाय नोकरी कायम होत नाही. पुढे द्वितीय सचिव, प्रथम सचिव, समुपदेशक, अशा पायऱ्या. साधारण तीन-तीन वर्षांची बदली, दोन नेमणुका बाहेर की एक दिल्लीत. बाहेरच्या जागांची प्रतवारी असते, आणि लंडन-पॅरिसनंतर अवघड जागा वाट्याला येणार हे धरूनच चालायचं. पगाराबद्दल विचारलं नाहीस, बरं केलंस. बाहेर परदेश भत्ता मिळतो, दिल्लीत परत आलं की महिनाअखेर कळते.

मला अरबी मिळाली. कैरो. मी मागितली नव्हती, मला फ्रेंच हवी होती. आज वाटतं, नशीब. पण अरबी देशात बाई काय करणार, असं मला किमान दहा जणांनी विचारलं असेल. मी काय केलं ते सांगते. आखाती देशांतल्या घरांत बायकांच्या बैठकी वेगळ्या भरतात. तिथे माझा एकही पुरुष सहकारी पाय ठेवू शकत नव्हता. मंत्र्याची बहीण, मोठ्या व्यापाऱ्याची सून, विद्यापीठातली प्राध्यापिका, या सगळ्या चहा नि खजूर घेत मोकळं बोलायच्या, आणि घरातल्या पुरुषांबरोबरच्या अधिकृत भेटीला मला कुणी अडवत नसे, कारण तिथे मी बाई नव्हते, हिंदुस्थानच्या वकिलातीतली अधिकारी होते. दोन्ही दारं उघडी. माझ्या कित्येक अहवालांतली बातमी त्या खजुरांच्या ताटावरून आलेली आहे.

दुसरी गोष्ट वकिलातीच्या खिडकीवरची, म्हणजे पासपोर्ट, तुरुंग, मजुरी, मृत्यू. तरुण अधिकाऱ्यांना हे काम नकोसं असतं, त्यांना राजकीय विभाग हवा असतो. मी तीन वर्षं केलं आणि राजनय म्हणून जे काही मला कळलं ते तिथेच कळलं. रत्नागिरीकडचा एक माणूस बांधकामावर काम करताना वारला. पार्थिव घरी पाठवायला काय लागतं माहीत आहे? दवाखान्याचा दाखला, पोलिसांचा ना-हरकत, पासपोर्ट रद्द केल्याचा शिक्का, शव टिकवण्याच्या प्रक्रियेचं प्रमाणपत्र, विमान कंपनीची जागा, आणि मालकाकडून उरलेल्या पगाराचा हिशेब. हा शेवटचा कागद आज सही झाला नाही तर कधीच होत नाही. शवागारातला अधिकारी म्हणाला, बाईंनी बाहेर थांबावं. मी थांबले नाही. ओळख पटवायला मृताचा मेव्हणा होता, त्याला चक्कर आली, त्याला कुणीतरी धरायला हवं होतं. मग गावी कळवणं. घरात फोन नव्हता, गावातल्या दुकानात होता. दुकानदाराला म्हटलं, घरच्यांना बोलावून आणा, अर्ध्या तासानं करते. त्या अर्ध्या तासात मी कोणत्या शब्दांनी सुरुवात करायची याचा विचार करत बसले, आणि पलीकडून बाईचा आवाज आला, "बाय, मराठीत बोलतंस?" पुढचं सोपं झालं असं नाही. पण मला इंग्रजीत बोलावं लागलं नाही.

घरकामाला आलेल्या बायका तर फक्त माझ्याशीच बोलायच्या. मालकाच्या घरातून पळून वकिलातीच्या फाटकाशी येऊन बसलेली बाई पुरुष अधिकाऱ्याला पगार थकल्याचं सांगते. बाकीचं सांगत नाही. त्या काळात अशा बायकांसाठी वकिलातीकडे वेगळा निधी नसे, आमच्यापैकी कुणाच्या तरी घरी त्या राहायच्या. बहुतेक वेळा माझ्या. २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, त्यातून निवारा, तिकीट, वकील करता येतात. तुझ्या हातात हे साधन असेल, ते वापरायला कचरू नकोस.

घराकडे येते, विसरले नाही. तुझी आई असती तर आतापर्यंत तिनं तीनदा टोकलं असतं.

माझा नवरा पुण्यात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. तो सोबत येऊ शकत नव्हता, कारण परदेशात तो नोकरी काय करणार? हा मुद्दा नीट समजून घे, कारण आज सगळं याच्यापाशी अडतं. १९६१ च्या व्हिएन्ना करारानं राजनयिकाच्या घरच्यांनाही संरक्षण दिलं आहे. त्यामुळे यजमान देश म्हणतो, ज्याच्यावर आम्ही खटला भरू शकत नाही त्याला कामाचा परवाना कसा द्यायचा? मार्ग असा की दोन देशांत आपसात करार होतो, जोडीदार काम करू शकतो, त्या कामापुरतं संरक्षण सुटतं. असे करार आपण बऱ्याच देशांशी केलेत, पण सगळीकडे नाहीत. शिवाय तीन वर्षांसाठी येणाऱ्या माणसाला नोकरी देणार कोण? पुरुष अधिकाऱ्यांच्या बायकांनी हे पिढ्यानपिढ्या गिळलं. शिकलेल्या बायका, कुणी डॉक्टर, कुणी वकील, तीस वर्षं पाहुण्यांची जेवणं करत राहिल्या, बिनपगारी. त्यावर कुणी नियम केला नाही, कुणी हमीपत्र घेतलं नाही. बाई अधिकारी झाली तेव्हा कुठे सगळ्यांना जोडीदाराच्या करिअरचा प्रश्न दिसू लागला.

मी मोजून सांगते. चौतीस वर्षांत आम्ही एका छपराखाली एकोणीस वर्षं राहिलो. त्यातली बरीच दिल्लीतली. दोन वर्षं तो बिनपगारी रजा घेऊन माझ्याकडे आला होता. माझ्या नावानं मेजवानीची निमंत्रणं यायची आणि सोबत जोडीदारांचा कार्यक्रम छापलेला असायचा: पुष्परचना, भरतकामाचं प्रदर्शन, लहान मुलांच्या वॉर्डला भेट. तो सगळीकडे गेला. पुष्परचनेत त्याला दुसरा क्रमांक मिळाला, ते प्रशस्तिपत्रक आमच्या दिवाणखान्यात आहे, माझ्या नेमणुकीच्या सनदेशेजारी. पण हेही सांगते की दुसऱ्या वर्षी तो अबोल झाला होता. प्रयोगशाळेतला माणूस पाव भाजत बसला होता. परत गेला आणि पुन्हा माणसात आला. यात दोष कुणाचा नव्हता. म्हणून लग्न ठरवताना "तू माझ्यासोबत येशील का" एवढंच विचारू नको. "नाही आलास तर आपण काय करू" हे विचार. ज्याच्यापाशी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, त्याच्याशी कर.

मूल १९९१ ला झालं. प्रसूती रजा तेव्हा नव्वद दिवसांची. एक्क्याण्णव्या दिवशी मी टेबलावर होते, सासूबाई सहा महिने येऊन राहिल्या. आता एकशे ऐंशी दिवस आहेत, आणि मुलाच्या संगोपनासाठी सबंध नोकरीत सातशे तीस दिवस. हा फरक लहान नाही. शाळेचं म्हणशील तर काठमांडू, मॉस्को, तेहरान इथे केंद्रीय विद्यालयं आहेत, इतरत्र आंतरराष्ट्रीय शाळा, तिचा खर्च सरकार ठरल्याप्रमाणे देतं. माझ्या मुलानं सहा शाळा पाहिल्या. त्याला चार भाषांत भांडता येतं आणि 'तू मूळचा कुठला' या प्रश्नाला तो अजून अडखळतो. विंचवाचं बिऱ्हाड विंचवाला जड नसतं. पिल्लांचं वेगळं.

दोघंही याच सेवेत असले तर? सोपं होईल असं वाटतं. सरकार शक्यतो एका ठिकाणी किंवा जवळपास नेमतं, पण एकानं दुसऱ्याच्या हाताखाली काम करायचं नाही. म्हणजे पद जसं चढेल तसं एका गावात राहणं अवघड. एक राजदूत झाला की दुसऱ्याला त्या वकिलातीत जागाच नाही. सुजाता सिंग २०१३ मध्ये परराष्ट्र सचिव झाल्या, त्यांचे पती संजय सिंग याच सेवेतले, त्यांच्याच तुकडीचे. ते दिल्लीत सचिव असताना त्या जर्मनीत राजदूत होत्या. निरुपमा राव यांचे पती भारतीय प्रशासकीय सेवेत, कर्नाटकाचे मुख्य सचिव झाले. त्याच काळात त्या बीजिंगला राजदूत, चीनमधल्या आपल्या पहिल्या महिला राजदूत. दोन्ही करिअर शिखराला पोचली, दोन गावांत. निरुपमा राव १९७३ च्या तुकडीच्या, त्यात पहिल्या आलेल्या. तो १८(४) नियम निघाला तेही १९७३ च. योगायोगच, पण मला आवडतो.

शिखराचं बोलायचं तर पहिल्या महिला परराष्ट्र सचिव चोकिला अय्यर, २००१ मध्ये. मुथम्मा रुजू झाल्यापासून बावन्न वर्षांनी. २००९ च्या ऑगस्टमध्ये निरुपमा राव दुसऱ्या झाल्या, त्याच वर्षी ऑक्टोबरात मुथम्मा बंगळुरूत वारल्या.

विषयांच्या वाटपाबद्दलही एक सांगते. बायकांना संस्कृती, प्रसिद्धी, समाजविकास द्यायचा अशी सवय होती. मला दोनदा नृत्यपथकांच्या व्यवस्थेवर बसवलं. काम वाईट नाही, पण त्यातून वर जायचा जिना नाही. निःशस्त्रीकरण, संरक्षण, व्यापार वाटाघाटी, शेजारी देश, हे विषय मागून घे. लेखी माग. मुथम्मा स्वतः निःशस्त्रीकरणावरच्या पाल्मे आयोगात होत्या. आणि १९९६ मध्ये जिनिव्हाला अणुचाचणीबंदी कराराच्या वेळी जवळजवळ सगळं जग एका बाजूला असताना भारताचं 'नाही' कुणी सांगितलं? अरुंधती घोष यांनी. या स्वरूपात या करारावर भारत सही करणार नाही, आत्ता नाही आणि नंतरही नाही. तो मसुदा त्यांना ओळन्ओळ पाठ होता असं त्यांच्या हाताखाली काम केलेले सांगत. आवाज चढवायची त्यांना गरज पडली नाही ती त्यामुळे.

एका ठिकाणी मात्र बाईला अजिबात त्रास होत नाही: राजशिष्टाचार. लोक त्याला हसतात. मला तो फार प्रिय आहे. राजदूतांचा क्रम त्यांनी अधिकारपत्रं, म्हणजे आपल्या देशानं दिलेली नेमणुकीची पत्रं, यजमान देशाला कधी सादर केली त्या तारखेवर ठरतो. देश मोठा की छोटा, माणूस काळा की गोरा, बाई की बुवा, काही नाही. मी एका छोट्याशा राजधानीत ज्या आठवड्यात अधिकारपत्रं दिली त्याच्या पुढच्या आठवड्यात एका महासत्तेच्या राजदूतानं दिली. पुढची तीन वर्षं प्रत्येक समारंभात ते गृहस्थ माझ्या उजव्या हाताला, माझ्यानंतर. पहिल्या दिवशी तिथल्या शिष्टाचार अधिकाऱ्यानं माझ्या नवऱ्याला पुढे घालून "महामहीम, इकडून" म्हटलं होतं, ही गोष्ट निराळी. नवरा म्हणाला, "मी फक्त फुलं रचतो."

राहता राहिला तुझा शेवटचा प्रश्न, पसंतिक्रमाचा. परदेश बघायचा म्हणून परराष्ट्र सेवा घेत असशील तर घेऊ नको. परदेश दोन वर्षांत बघून होतो, मग तिथेही भाजी आणावी लागते. रात्री अकरा वाजता दिल्लीला पाठवायच्या तारेतलं एक विशेषण बदलू की नको यावर तुला अर्धा तास घालवावासा वाटत असेल, आणि अनोळखी गावच्या दुकानात फोन करून वाईट बातमी सांगायची ताकद असेल, तर पहिल्या क्रमांकावर लिही. भाषा निवडायची वेळ आली की सगळे म्हणतील फ्रेंच, स्पॅनिश. तू अरबी, चिनी, नाहीतर आपल्या शेजाऱ्यांची एखादी भाषा माग. अवघड भाषेचा अधिकारी कमी असतो, त्याला विसरणं मंत्रालयाला परवडत नाही.

आणि आईला सांग, सामानात कुकरच्या चार रिंगा नि दोन शिट्ट्या जास्तीच्या द्यायच्या. जगात सगळं मिळतं. आपल्या कुकरची रिंग मिळत नाही.